रघूमामांचा कान आणि माझं पत्रक

रघूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटत होते. पाळी सुटत होती, मोटारसायकलींची रांग लागली होती आणि माझ्या डाव्या हातावर गठ्ठा होता. ‘कान गेले कुणाचे? फायदा झाला कुणाचा?’ मथळा माझाच. फोनवर वैशालीताई होती, मामांची मुलगी. बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. म्हणाली, “आप्पा गेले गं. सकाळी, चहा पिता पिता.” मी “निघते” म्हटलं आणि तशीच उभी राहिले. समोरून एका कामगाराने हात पुढे केला, मी सवयीने पत्रक दिलं. मग दुसऱ्याला दिलं. तिसऱ्याला देताना लक्षात आलं की मी काय वाटते आहे... त्या पत्रकाच्या दुसऱ्या पानावर मामा होते. नाव घातलं नव्हतं. पण कबनूरमध्ये ज्याला वाचता येतं त्याला ते कोण हे कळलं होतं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

याला आता सहा-सात आठवडे झाले. या वर्तमानपत्राच्या पुरवणीत मामांवर लिहायला जागा द्या, असं मीच मागितलं आणि मग चार वेळा लिहून फाडलं. मला सवय पत्रकाची. पत्रकात शत्रू ठरलेला असतो, मागणी ठरलेली असते, मोर्चा कुठून निघणार तेही ठरलेलं असतं. इथे काहीच ठरत नाही. रघूमामांना ऐकू येत होतं की नव्हतं, या एका प्रश्नाचं उत्तर मी छापून गावभर वाटलं, आणि आता मलाच ते खरं वाटत नाही. साफ खोटंही वाटत नाही. तेव्हा जे झालं ते झालं तसं सांगते.

रघुनाथ कांबळे म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. ते कबनूरला जॉबर होते. इचलकरंजीला चिकटलेल्या या गावात घराच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागांचे कारखाने आहेत. त्या मागांचे बिघाड ओळखून त्यांना सरळ करणारा माणूस म्हणजे जॉबर. नव्वदच्या दशकात शाळेला सुट्टी लागली की मी कोल्हापुरातून आत्याकडे जायचे आणि मामा मला कारखाना दाखवायला न्यायचे. सगळे माग चालू असले की तिथला आवाज कानात शिरत नाही, छातीतच वाजतो. त्या गदारोळात मामा मधेच एखाद्या मागापाशी थांबायचे. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर मागाच्या सांगाड्याला टेकवायचे आणि त्याची मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला. डोळे मिटायचे. मग विणकराला बोटं दाखवून सांगायचे, अजून दोन दिवस, मग हा रडणार. चालता माग मालक थांबवू देत नसत, त्यामुळे दोन दिवसांनी तो खरंच रडायचा. विणकर बाहेर येऊन ओरडायचा, “रघू, जीभ काळी हाय का रं तुझी?” मामा म्हणायचे, “जीभ बरी हाय. कान काळा हाय. तेल ओतून ओतून.”

आत्या त्याच कारखान्यात कांड्या भरायची. मागातला धोटा जो इकडून तिकडे पळतो, त्याच्या पोटात सुताची कांडी बसते, ती भरायची. चाळिशीच्या आत तिचे कान गेले. म्हणजे गेले असं कुणी म्हटलं नाही. कारखान्यात सगळ्याच बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलतात, चुगल्यासुद्धा ओठांवर करतात, आणि घरी आल्यावरही आत्या तशीच बघायला लागली एवढंच. तिच्याशी बोलायचं तर समोर उभं राहायचं, तोंड नीट उघडायचं. पाठीमागून हाक मारली तर ती वळत नाही. माझा संताप तिथला आहे. पुढे कॉलेजात असताना मी कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका संघटनेत गेले ते या आत्यामुळे. मालकांकडे आम्ही कानात घालायच्या बोळ्यांची मागणी केली तेव्हा एक मालक हसून म्हणाला होता, “बाई, कापसाला काय तोटा? खाली पडलाय की, घ्या आणि कोंबा.” ते हसणं मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

मामांना नाद गाण्याचा. स्वतः गायचे नाहीत, आवाज फाटका होता. वस्तीतल्या विहारापुढे जयंतीला आमची गायन पार्टी बसायची आणि मामा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन सगळ्यांच्या पुढे. मामांचे थोरले भाऊ पेटी वाजवायचे, त्यांना सगळे दादा म्हणत. त्या पेटीच्या भात्याला एक बारीक भोक होतं. कितीदा चिकटवलं तरी उघडायचं, आणि भाता ओढला की सुरांच्या खालून एक हलका ‘हुस्स’ यायचा. दादा त्या भोकाला शिव्या द्यायचे. मामांना मात्र ते आवडायचं. म्हणायचे, “पेटी दम घेती बघ. माणसागत.” रेकॉर्डिंग चालू असताना कुणाला उबळ आली की मामा दोन्ही हात जोडायचे, “पावणं, कडवं संपू द्या, मग पोटभर खोका.” त्यातल्या शेवटच्या रेकॉर्डिंगनंतर दोनेक वर्षांत दादा गेले. पेटी कुणी नेली ते कळलं नाही. कॅसेटी राहिल्या, शेंगतेलाच्या डब्यात, नावं घालून.

दोन हजार सालानंतरच्या दशकात, शेवटी शेवटी, वैशालीताई कंपनीच्या कामाला जर्मनीला गेली आणि येताना वडलांसाठी एक यंत्र घेऊन आली. स्ट्रीमर. म्हणजे यात कॅसेट नाही, सीडी नाही. गाणी हार्डडिस्कवर, यंत्र ती नेटवर्कवरून ओढून घेतं आणि अॅम्प्लिफायरला देतं. ताईने सुट्टी काढून डब्यातल्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या. अॅम्प्लिफायर मामांनी स्वतः जुळवलेला होता, स्पीकरची खोकी ओळखीच्या सुताराकडून करून घेतलेली. त्या खडबडीत खोक्यांच्या मधोमध ते गुळगुळीत चंदेरी यंत्र, सोयरिकीला आलेल्या शहरातल्या पावण्यागत अवघडून बसलेलं. आत्या त्यावर भरतकामाचं फडकं टाकायची, मामा काढायचे. “आगं, त्याला वारा लागतोय!” ती परत टाकायची.

या यंत्राच्या आत कंपनीने एक आज्ञावली भरलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. कंपनी अधूनमधून नवी आवृत्ती काढते, यंत्राच्या छोट्या पडद्यावर तसं लिहून येतं, आपण बटण दाबायचं, की यंत्र इंटरनेटवरून ती उतरवून घेतं. ताईने बजावलं होतं, हे चाललेलं असताना वीज गेली तर यंत्र कायमचं बसेल. कबनूरात माग चालू असले की विजेचा दाब सारखा खालीवर होतो. म्हणून मामांनी आपला नियम केला. अपडेट फक्त कारखान्यांच्या सुट्टीच्या वारी.

पहिल्या अपडेटच्या दिवशी मला फोन आला. “पत्रक, आहेस कुटं? आत्ताच्या आत्ता ये. आवाज उघडलाय!” मला ते पत्रकच म्हणायचे. त्या दिवशी बैठक होती, मी दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी खुर्चीत बसवलं, जयंतीचं एक गाणं लावलं. मला काही कळलं नाही. आदल्या महिन्यात ऐकलं तसंच. मामा स्वतःही जरा मान वाकडी करून ऐकत होते. म्हणाले, “काल हुता त्येवढा न्हाय आज. पर उघडलाय. काल दादाची पेटी दम घेत हुती. खुळखुळीत ऐकाय येत हुतं.” मी म्हटलं, “मामा, काल होतं आणि आज नाही, हे असं कसं? बुवाच्या अंगात येतं तसं झालं हे.” ते म्हणाले, “नवीन शिकलंय मशीन. बसाय येळ लागतोय.” आणि माझं डोकं फिरलं.

कारण मी याच गोष्टींविरुद्ध बोलत फिरते. मी त्यांना समोर बसवून सांगितलं, “गाण्याचे एकदा आकडे झाले की झाले. हार्डडिस्कवर आकडे तेच, यंत्रातून बाहेर पडताना आकडे तेच. फर्मवेअर बदलून पडद्यावरची अक्षरं बदलतील, बटणं बदलतील. दादांची पेटी कशी बदलेल?” मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सूत तेच असतंय, माग बी त्योच असतोय. जॉबर बदलला की कापड का बदलतंय गं?” मी आवाज चढवून तेच पुन्हा सांगितलं. आत्या आमच्या दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. म्हणाली, “ही दोघं मशीनवरनं भांडालीत व्हय? मला वाटलं जमिनीवरनं.”

ताईने मामांना फोनवर सांगितलं होतं की जगभर यावर भांडणं आहेत. इंटरनेटवर एक टोळी शपथेवर सांगते की अमुक आवृत्तीनंतर गाण्यावरचा पडदा सरकला. दुसरी टोळी त्यांना वेड्यात काढते. मामा खूश झाले. “म्हंजे मी एकटाच येडा न्हाय.” मी म्हटलं, “नाही, तुम्ही संघटित वेडे आहात.” त्यावर ते किती हसले! “मग मोर्चा काढ की आमचा. तुला येतंय न्हवं काढाय?” त्यानंतर जेव्हा जेव्हा अपडेट आलं तेव्हा तेव्हा सुट्टीच्या वारी फोन यायचा, आवाज उघडल्याचा. एक-दोन दिवसांनी उत्साह ओसरायचा. मला वाटायचं, माझं म्हणणं आपोआप सिद्ध होतंय.

पुढे आमच्या संघटनेने कबनूरला कानतपासणीचं शिबिर घेतलं. माणसं येईनात. आपल्याला ऐकू येत नाही हे कागदावर कुणाला हवं असतं? मी मामांकडे गेले. “तुम्ही आलात तर बाकीचे येतील.” ते आले, पहिल्या नंबरला बसले, आणि त्यांच्यामागून रांग लागली. मामांच्या ऐकण्याचा आलेख डॉक्टरांनी माझ्यापुढे धरला. बारीक, वरच्या पट्टीतल्या शिट्ट्या मामांना मुळीच ऐकू येत नव्हत्या. खालच्या पट्टीतलं बरं होतं, पण वरची रेघ जिन्यावरून पडावी तशी खाली गेली होती. मामा कागद उलटसुलट करून म्हणाले, “शिट्ट्या वाजवल्या डाक्टरांनी. मी काय रेल्वेत हाय? मला माग ऐकाय येतोय, पुरं की.”

मला मात्र नुकसानभरपाईच्या लढ्यासाठी एक गोष्ट मिळाली होती. आलेखाने लोक हलत नाहीत, गोष्टीने हलतात, हे आम्हाला कार्यकर्त्यांच्या शिबिरांतून शिकवलेलं असतं. पुढच्या सुट्टीच्या वारी मी कबनूरला गेले. मामांना आधीच फोन करून घरी थांबायला सांगितलं होतं, नवी आवृत्ती आलीय, मी घालून देते. यंत्राकडे पाठ करून मी ते नुसतं बंद केलं आणि चालू केलं. काहीही घातलं नाही. मग जयंतीचं तेच गाणं लावलं आणि वही घेऊन बाजूला बसले. खरं सांगायचं तर मी गाणं ऐकलंच नाही. मी मामांच्या चेहऱ्यावर पाळत ठेवून होते. दुसऱ्या कडव्याला त्यांची मान हलली, तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि डोळे भरले. “उघडला,” म्हणाले. “दादा दम घेतोय बघ.” मी वहीत वेळ लिहिली.

पत्रकात मी लिहिलं ते असं: ‘आयुष्यभर मागाखाली राबलेल्या एका जॉबरला शिट्टी ऐकू येत नाही. मात्र आपल्या संगीतयंत्रात नवी आज्ञावली घातली की आवाज सुधारतो, असे तो छातीठोकपणे सांगतो. आम्ही काहीही न घालता ‘घातली’ असे सांगितले. त्याला आवाज सुधारलेला वाटला! मागांनी कामगाराचे कान नेले, आणि कान गेल्याचे भानही नेले.’ शेवटच्या वाक्यावर आमच्या संघटनेतले ज्येष्ठ सहकारी खूश झाले. म्हणाले, याला म्हणतात लिहिणं.

मामांच्या मालकाने ते वाचलं. जॉबरची सगळी पत कानावर. मालक चारचौघांत म्हणाला, “रघू, तुला ऐकाय येत न्हाय म्हणं. पत्रकात आलंय. मग इतकी वर्सं मागाला स्क्रूड्रायव्हर लावून काय करत हुतास, नमस्कार?” लोक हसले. मग दुसरा जॉबर आला. बाकीच्या कारखान्यांनीही बोलावणं बंद केलं. हे मला आत्याने सांगितलं, मामांनी नाही. मी तणतणत मालकाकडे निघाले होते, अन्याय झाला म्हणून! मामांनी दारात अडवलं. मला वाटलं आता शिव्या देतील. त्यांनी एकच विचारलं, “तू लिवलंस ते खरं हाय?” मी म्हटलं, “हो. शास्त्रीय आहे. मी काहीच घातलं नव्हतं, मामा.” त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं. “मग असंल,” म्हणाले. “तू शिकलेली हाईस.” ते मला पत्रक म्हणाले नाहीत. त्यानंतर कधीच म्हणाले नाहीत.

ते जाईपर्यंत आमचं बोलणं जेवलीस का, बस मिळाली का, एवढंच राहिलं.

सगळे विधी आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, मी एकदा आत्याकडे गेले. सुट्टीचा वार होता, हे मी मुद्दाम बघितलं नव्हतं. मला तेव्हाच वेळ होता. आत्या म्हणाली, “त्येंचं लाव की काय तरी. मशीन बंद बघवत न्हाय.” मी जयंतीचं गाणं लावलं आणि भिंतीला टेकून बसले. पहिल्या कडव्यालाच पेटीच्या खालून ‘हुस्स’ असा आवाज आला. मी दचकले. परत मागे नेऊन लावलं. परत आला. दर भात्याला येत होता, मऊ, थकलेला, अगदी माणसाच्या दमासारखा. इतक्या वेळा मी या खोलीत हे गाणं ऐकलं होतं, आणि कधी ऐकला नव्हता. माझ्या डोक्यात पहिला विचार काय यावा? अपडेट झालं की काय! मी उठून पडद्यावर आवृत्ती बघायला गेले. आणि तिथे पोचल्यावर मला भिंत ऐकू आली. म्हणजे आली नाही. भिंतीपलीकडचे माग बंद होते. सगळ्या गल्लीचे माग बंद होते.

मी आत्यासमोर जाऊन उभी राहिले. “आत्या, सुट्टीच्या दिवशी मामा घरी गाणी ऐकायचे?” आत्या हसली. “सुट्टीला कवा घरात असायचे गं? माग बंद, तवाच तर जॉबरचं खोलायचं काम. सकाळी जायाचे ते दिवस बुडताना. मशीनचं ते काय घालायचं असंल, त्याच दिवशी तेवढं घरात.” मी तिथेच बसले. आठवडाभर मामा गाणी ऐकत ती मागांच्या खडखडाटात, ज्या खडखडाटाचं भान आपल्यापैकी कुणालाच राहत नाही कारण तो श्वासासारखा सोबत असतो. आणि अपडेटच्या दिवशी, फक्त त्या दिवशी, ते शांत गल्लीत घरी बसून ऐकत. आवाज खरंच उघडायचा. दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले की मिटायचा. त्यांनी श्रेय फर्मवेअरला दिलं, हे चुकलं. पण ऐकलं ते खरं होतं. आणि मी माझी शास्त्रीय चाचणी घेतली तीही सुट्टीच्याच वारी. मी काहीच घातलं नव्हतं, बरोबर. गल्लीने घातलं होतं. इतकी वर्षं मी माग, माग म्हणून घसा फोडते आहे आणि माग थांबलेत हे मला कळू नये?

मी वैशालीताईला फोन करून हे सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला झापेल. ती म्हणाली, “थांब. एक गोष्ट यात बसत नाही.” एकदा आठवड्याच्या मध्यावर, माग धडधडत असताना, मामांनी तिला फोन केला होता. आवाज बिघडलाय, पेटी मागं गेलीय, कोण तरी हात लावलाय मशीनला, म्हणत होते. कुणीही हात लावला नव्हता. पण ताईने बंगळुरातून बघितलं तर आदल्या दिवशी यंत्राने, कुणी बटण न दाबता, आपणहून अपडेट घेतलं होतं; मधल्या एका आवृत्तीने ती सोय चालू केली होती. मामांना ते माहीत नव्हतं. ताई म्हणाली, असं होऊ शकतं. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी एक सोय या यंत्रात असते, अपडेटनंतर ती आपोआप चालू झाली असेल, मग आकडे तेच राहत नाहीत. तिने मामांना ती बघायला सांगितलं होतं. “मग होती का चालू?” मी विचारलं. “आप्पांनी सांगितलंच नाही. दोन दिवसांनी म्हणाले, झालं ठीक. आणि आपणहून अपडेट घेणं बंद करून टाकायला लावलं.” म्हणजे त्यांनी ती सोय शोधून बंद केली, की त्यांचा राग गेला, की तो सगळाच योगायोग? विचारायला माणूस नाही.

तर आता माझी अवस्था अशी आहे. मागांनी कामगारांचे कान जातात, हे सत्य आहे. मामांचा आलेख खरा आहे. आत्या माझ्यासमोर आहे. भरपाई मिळालीच पाहिजे आणि त्यासाठी मी परत फाटकावर उभी राहणार आहे. आणि त्याच मामांना, खडखडाट चालू असताना, पेटी किंचित मागे सरकलेली कळली, हेही बहुधा खरं आहे. फर्मवेअरने आवाज बदलतो का? बहुतेक वेळा नाही, कधीतरी हो, आणि त्या घरात कधी काय झालं ते मला माहीत नाही. ‘माहीत नाही’ हे शब्द मी आजवर एकाही पत्रकात लिहिलेले नाहीत. सहकाऱ्यांना म्हटलं, ती हकिकत मागे घेऊ. ते म्हणाले, आता मागे घेतली तर मालक म्हणतील सगळंच खोटं. केस ढिली होईल. त्यांचंही चूक नाही. तरी मी इथे लिहिते: दुसऱ्या पानावरच्या त्या जॉबरला ऐकू येत होतं. ती हकिकत मी मागे घेते. मामांना त्याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं.

परवा सुट्टीच्या वारी पुन्हा गेले. यंत्राच्या पडद्यावर लिहून आलं होतं, नवी आवृत्ती उपलब्ध आहे. आत्याने मला बोलावून पडदा दाखवला. “ह्ये काय म्हणतंय?” मी सांगितलं. “मग घालू या का?” मी बोट पुढे केलं आणि तसंच धरलं. आत्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. “फरक पडतोय का न्हाय पडत? तू तर लिवलंतस.” मी म्हटलं, “माहीत नाही.” तिने भुवया उचलल्या. मी तोंड मोठं करून परत म्हटलं, “मा-हीत ना-ही!” माग बंद असलेल्या गल्लीत ते केवढं तरी मोठ्याने वाजलं असणार. “मग ऱ्हाऊ दे,” आत्या म्हणाली. “मला तर पयल्यापास्नं काय बी कळत न्हवतं. कुटली पेटी न् कुटला दम. मी ह्येंच्या तोंडाकडं बघत बसायची. ह्येंला ऐकाय आलं की मला दिसायचं.”

मग तिने मला दंडाला धरून मामांच्या खुर्चीत बसवलं, गाणं लावायला लावलं, आणि स्वतः समोर खाली बसून माझ्या चेहऱ्याकडे बघू लागली. मला काय करावं कळेना. पेटी दम घेत होती, स्पष्ट, प्रत्येक भात्याला, आणि मी ताठ बसून होते. अर्धं कडवं गेल्यावर आत्याने माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

“तोंड ढिलं सोड की गं. भांडायला बसल्यागत काय बसलीयास?”